आपला फोन अद्ययावत आहे

१

डबा सापडला ओहोटीला, खडपात, किनाऱ्यालगतच्या खडकांत अडकलेला. कालवं काढायला गेलेल्या बायकांनी तो बघितला आणि कोणाचा ते लगेच ओळखलं, कारण झाकणावर सिद्धेशनं निळ्या रंगानं होडीचं नाव काढलं होतं. असला डबा इथं प्रत्येक होडीत असतो. रुंद तोंडाचा, घट्ट फिरकीच्या झाकणाचा. त्यात तंबाखू, काडेपेटी आणि मोबाईल टाकायचा. होडीत पाणी शिरलं तरी हे तेवढं कोरडं राहतं.

बायकांनी डबा बाबली कोयंड्याच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, आणून ठेवला आणि उभ्याउभ्याच निघून गेल्या. पाणीसुद्धा मागितलं नाही. बाबलीनं झाकण फिरवलं. आत पाण्याचा थेंब नव्हता. तंबाखूसुद्धा जशीच्या तशी. पोरगा गेला, होडी फुटली आणि तंबाखू मात्र कोरडी. त्याला वाटलं, आता तरी रडू येईल. आलं नाही. सिद्धेश गेल्यापासून त्याचं हे असंच होतं. पायात काटा मोडला तर रक्त बघितल्यावर कळायचं.

झालं होतं ते एवढंच. दसऱ्यानंतरच्या सोमवारी पहाटे सिद्धेश होडी घेऊन निघाला, सोबतीला खलाशी म्हणून शेजारच्या मथुराचा मुलगा ओमकार. समुद्र तेव्हा परातीतल्या पाण्यासारखा होता. ऊन चढायच्या आत वारं उलटं फिरलं आणि दुपारी होडी खडपावर आली ती नुसत्या फळ्या होऊन. दोघं दुसऱ्या दिवशी लागले किनाऱ्याला. पोलिसांनी अपघाती मृत्यू लिहिला आणि विषय संपवला.

पण गावात विषय संपला नाही. मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी दत्तप्रसाद यानं सगळ्यांसमोर आपला मोबाईल काढून दाखवला होता. वादळ येणार, समुद्रात जाऊ नये, असा मेसेज त्यानं त्या पहाटेच सगळ्या तांडेलांना, होड्यांच्या प्रमुखांना, पाठवला होता. सिद्धेशच्या नावापुढं दोन निळ्या टिका होत्या. दोन टिका म्हणजे मेसेज पोचला. निळ्या झाल्या म्हणजे वाचला.

मथुरा तिथंच बसली होती. ती मोठ्यानं बोलली नाही. म्हणाली, "म्हणजे माज्या झिलाक तेणा जाणून मराक नेल्यान."

त्या दिवसापासून दोन्ही घरांमधल्या पायवाटेवर तिनं काटेरी झुडपांच्या काट्या आणून टाकल्या. तीस वर्षं त्या वाटेनं मिठापासून माशांपर्यंत सगळं ये-जा करत होतं.

बाबलीला एकच गोष्ट कळायला हवी होती. पोरानं तो मेसेज वाचला होता की नाही. वाचला असेल तर मथुरा म्हणते ते खरं, आणि मग उरलेला जन्म मान खाली घालून काढायचा. तो तयार होता त्याला. फक्त खरं काय ते कळू दे.

त्यानं फोन चार्जिंगला लावला. तो चालू झाला, जणू काही झालंच नव्हतं. बाबलीनं चाचपडत मेसेजच्या चित्रावर बोट ठेवलं. पाटी आली: चालण्यासाठी फोन अपडेट करा. त्यानं त्या पाटीवर बोट ठेवलं. दुसरं पान उघडलं, त्यावर हिरवी खूण आणि मोठ्या अक्षरांत: आपला फोन अद्ययावत आहे.

पुन्हा मागं गेला. अपडेट करा. पुन्हा पुढं. अद्ययावत आहे. तलाठी म्हणतो मंडळ अधिकाऱ्याकडे जा आणि मंडळ अधिकारी म्हणतो तलाठ्याकडे जा, त्यातली गत. महिनाभर समुद्रात आपटला, डोकं फिरलं असेल फोनचं, असं त्यानं ठरवलं. पण एक गोष्ट त्याच्या मनात बसली. फोन स्वतःच सांगत होता की मी ठणठणीत आहे.

ठणठणीत फोन. निळ्या टिका. मग वाचलाच असणार.

२

सोसायटीत जायला तो खळ्यातून उतरला तर पाठीमागून हाक आली.

"अहो, खंय चललात?"

तुळसा, त्याची बायको. ओट्यावर उभी. बाबली थांबला, वळला, म्हणाला, सोसायटीत. ती आत गेली.

आता हे तुम्हाला काही विशेष वाटणार नाही. पण समुद्रावर पोट असलेल्या घरात बाहेर पडणाऱ्याला पाठून हाक मारत नाहीत. आणि तुळसा तर या बाबतीत फार कडक. लग्न होऊन आल्यापासून तिनं बाबलीला कधी पाठून हाक मारली नव्हती. एकदा तो जाळ्याची सुईच घरी विसरून निघाला, तर ही बाई माडांतून आडवी धावली, त्याच्या पुढं जाऊन उभी राहिली आणि तोंडासमोर सुई धरली. हाक नाही मारली. आणि आता, सिद्धेश गेल्यापासून, तो विहिरीवर निघाला तरी हाक मारायची. शेजारणी म्हणायच्या, धक्क्यानं भान गेलंय बिचारीचं. बाबली थांबायचा, उत्तर द्यायचा, जायचा.

सोसायटीच्या दारात बावट्याचा खांब होता. वादळ असलं की त्यावर लाल बावटा चढायचा आणि तो पार कुणकेश्वराच्या बाजूनंही दिसायचा. खांब मोकळा होता. दोरी कुजून अर्धी लोंबत होती. बाबली आत गेला तर लाल बावटा टेबलावर दिसला. प्रिंटरवर झाकण म्हणून घातला होता, धूळ बसू नये म्हणून.

दत्तप्रसादची नजर त्याच्या नजरेपाठून बावट्यावर गेली. माणूस वाईट नाही. पण खुर्चीत बसला की त्याची भाषा बदलते.

"काका, आता बावट्याची पद्धत राहिली नाही. सगळं मोबाईलवर असतं. वरून मेसेज आला, मी त्याच मिनिटाला पुढं पाठवला."

बाबलीनं त्याला विचारलं, हा मेसेज नंतर पाठवून आधीचा दाखवता येतो का. दत्तप्रसादचं तोंड उतरलं. त्यानं मोबाईल पुढं केला आणि सगळ्यांची नावं एकेक करून दाखवली. सगळ्यांना पहाटेच गेला होता. लवू तांडेलानं वाचला आणि होडी बाहेर काढलीच नाही. आणखी दोघांनी तेच केलं. मेसेज वेळेवर गेला होता यात शंका नव्हती.

मग दत्तप्रसाद आपल्या भाषेत आला. हळू बोलला.

"बाबलीकाकानू, माका झोप लागत नाय. बावटो चढवक व्हयो होतो, माका कळता. पण तेणा वाचल्यान. निळा दिसता ता मी काय करू?"

 उठताना बाबलीनं प्रिंटरवरचा बावटा उचलला, नीट घडी केली आणि टेबलावर ठेवला.

३

लवू वाळूवर बसून जाळं सांधत होता. सिद्धेशचं आणि त्याचं मागल्या वर्षी रापणीच्या, किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या, जागेवरून वाजलं होतं. तेव्हापासून बोलणं नव्हतं. गावात कुजबुज होती की लवूनं त्या पहाटे सिद्धेशला जाताना बघितलं आणि गप्प बसला.

बाबली त्याच्या शेजारी बसला.  मग लवूनंच सुरुवात केली. सांगितलं, होय, बघितलं. मेसेज वाचून तो होडी वर ओढायला आला, तेव्हा सिद्धेशची होडी लाटा ओलांडून पुढं गेली होती. त्याला वाटलं, मेसेज सगळ्यांना आहे, ह्यालाही आला असणार, आणि पोरगा तापट, मुद्दाम चाललाय.

"आणि पाण्यात गेलेल्या होडयेक पाठसून हाक कोण मारता, बाबली? तू मारलं असतंस?"

बाबलीनं नाही म्हणून मान हलवली. मारली नसती. सिद्धेशला त्यानंच हे शिकवलं होतं, पोर गुडघ्याएवढं होतं तेव्हा. पाठून हाक आली तरी वळायचं नाही, आणि कोणी निघालं तर हाक मारायची नाही. लवूवर राग काढायला जागाच उरली नाही. राग असता तर बरं झालं असतं, पण रागही नव्हता.

फोन दिसला का त्याच्या हातात, बाबलीनं विचारलं.

लवूची सुई थांबली. म्हणाला, दिसला नाही, पण ऐकला. होडीतून गाणी वाजत होती. दशावताराची रेकॉर्ड केलेली पदं, सिद्धेश नेहमी लावायचा ती. पाण्यावरून आवाज लांब जातो.

"म्हणजे फोन चालू होतो. हातात होतो. आता सोड, बाबली. वाचूनच गेलो तो."

बाबली उठला. गुडघे कडकड वाजले. दोन माणसं आणि एक फोन, तिघांनीही एकच साक्ष दिली होती. फक्त ती दोन पाट्यांची भांडणं त्याच्या डोक्यातून जात नव्हती. डब्यात पाणी गेलं नव्हतं. तंबाखू कोरडी होती. मग फोनचं डोकं फिरलं कशानं?

४

देवगडच्या बाजारात मोबाईल दुरुस्तीचं एक दुकान आहे, तन्वी नावाची मुलगी चालवते. बाबलीनं फोन काउंटरवर ठेवला आणि सांगितलं, दोनच प्रश्न आहेत. एक, समुद्रानं हा बिघडलाय का. दोन, ह्याच्यावर तो मेसेज वाचला गेला का.

तन्वीनं फोन हातात घेतला, दोन पाट्या बघितल्या आणि हसलीच जरा.

"काकानू, ह्यो बिघडलो नाय. ह्यो म्हातारो झालो."

मग तिनं समजावून सांगितलं, हातातलं काम बाजूला ठेवून. फोनच्या आत एक यंत्रणा असते, सगळं तिच्यावर चालतं. कंपनी तिच्यात सुधारणा पाठवते, पण काही वर्षंच. नवीन फोन बाजारात येतात, मग जुन्यांना पाठवणं बंद. ह्या फोनला जे शेवटचं मिळायचं ते कधीच मिळून गेलं. त्याच्यापुढं त्याच्यासाठी काही नाहीच. म्हणून तो म्हणतो, मी अद्ययावत आहे. खोटं बोलत नाही बिचारा. त्याच्यापुरतं जेवढं होतं तेवढं त्याच्याजवळ आहे.

"पण मेसेजवाले म्हणतत, आमका नवी यंत्रणा व्हयी. जुन्यांर आमी चलणव नाय. ह्यो फोन त्यांनी सोडून दिल्यानी. गाणी वाजतली, फोन लागतलो, साधो एसेमेस येतलो. पण ते मेसेज येवचे नाय."

कधीपासून, बाबलीनं विचारलं.

तिनं फोन कॉम्प्युटरला जोडून आत बघितलं. ह्या फोनवर आलेला शेवटचा मेसेज गणपतीतला होता. आरतीला या म्हणून कोणीतरी पाठवलेला. त्यानंतर एकही नाही.

बाबली स्टुलावर बसला. गणपती कुठे आणि दसरा कुठे. म्हणजे दत्तप्रसादचा मेसेज ह्या फोनवर आलाच नव्हता. येऊच शकत नव्हता. सिद्धेश गाणी ऐकत गेला, समुद्र परातीसारखा होता, खांबावर बावटा नव्हता, आणि त्याला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

त्याला बरं वाटायला हवं होतं. त्यानं वाट बघितली. छातीत काही हललं नाही.

"मगे निळा कशान झाला?" तो म्हणाला.

तन्वीनं फोन पुन्हा हातात घेतला. मग म्हणाली, मेसेज फोनला येत नसतो, नंबरला येतो. तो नंबर दुसऱ्या कुठल्या फोनवर चालू केला असेल तर मेसेज तिकडे जाणार. तिकडे कोणी उघडला की इकडे निळं. तिनं जुने एसेमेस वर सारले. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी एक गुप्त आकडा आला होता. नंबर दुसरीकडे चालू करायला तोच लागतो.

"आकडो ह्या फोनवर इलो, म्हणजे सिद्धेशान स्वतः सांगल्यान कोणाक तरी. विश्वासातल्या माणसाक."

तो दुसरा फोन अजून चालू आहे का, बाबलीनं विचारलं. तन्वीनं स्वतःचा मोबाईल काढला, सिद्धेशचा नंबर घातला आणि दोनच शब्द लिहिले: कोण आहे? पाठवून फोन दोघांच्या मधे ठेवला.

एक टीक. मग दुसरी.

"पोचलो," ती म्हणाली.

बाहेर एसटी गेली, काउंटरची काच थरथरली. बाबली टिकांकडे बघत होता, गरीला मासा लागतो का बघावं तसा. आणि त्याच्या डोळ्यांदेखत दोन्ही टिका निळ्या झाल्या.

महिनाभरापूर्वी जाळलेल्या पोरानं मेसेज वाचला होता.

खाली बारीक अक्षरं आली, 'लिहीत आहे'. ती हलत राहिली, थांबली, पुन्हा हलली. मग नाहीशी झाली. उत्तर काही आलं नाही. तन्वीनं आपला फोन उलटा करून ठेवला.

५

सिद्धेशच्या विश्वासातलं माणूस म्हणजे पहिली संचिता, त्याची बायको. ती आठव्या महिन्यात होती, माहेरी आचऱ्याला. नवरात्राच्या आधीच ओटी भरून तिला माहेरी पाठवली होती. कार्यापुरती आली आणि पुन्हा भावानं नेली. बाबली देवगडहून तसाच आचऱ्याच्या गाडीत बसला.

संचिता पडवीत शेंगा सोलत बसली होती. सासऱ्याला बघून तिनं पदर सारखा केला, पाणी दिलं, पुन्हा शेंगा घेतल्या. दोघंही असे, की एकमेकांसमोर रडायची भीती उरली नव्हती. रडणं कुठेतरी ठेवून विसरलं होतं.

बाबलीनं दुकानातलं सगळं सांगितलं. ऐकताना तिचे हात थांबले नाहीत. मग तिनं सांगितलं, होय, तो नंबर तिनंच दुसऱ्या फोनवर चालू केला. घरामागच्या दोन खोल्या ते पर्यटकांना देतात. चौकशीचे मेसेज सिद्धेशच्याच नंबरवर यायचे. गणपतीत त्याच्या फोनवर ते बंद पडले. ती म्हणाली, नवीन घेऊया. तो म्हणाला, फोन काय वाईट आहे, बघ, अद्ययावत आहे म्हणतो. हट्टी होता. म्हणाला, समुद्रात मला मेसेज कशाला, गाणी वाजली म्हणजे झालं. मग खोल्यांसाठी जो फोन घेतला होता, त्याच्यावर त्याचा नंबर टाकला. त्याला सगळे रूमचो फोन म्हणत.

"तो फोन तुज्याकडे आसा?"

"नाय बाबा. तो घरातच आसा. स्वयंपाकघरातल्या फळयेर. माई बघतत ना मेसेज. पावण्यांका आवाजातसून उत्तर देतत."

शेंगांची टरफलं पाटीत पडत होती. घरात माई म्हणजे तुळसा. संचितानं मान वर केली. तिला आधीच माहीत होतं, हे बाबलीला तिच्या डोळ्यांत दिसलं. निळ्या टिकांचं ऐकलं त्याच दिवशी तिला कळलं होतं आणि ती गप्प राहिली होती.

"बाबा, चूक माजी आसा," ती म्हणाली. "नंबर रूमच्या फोनार चालू झालो, ता मी माईंका सांगलंय. तेंच्या फोनार बंद झालो, ता सांगूचा रवान गेला."

६

परतीच्या गाडीत बाबली खिडकीला बसला. माडांच्या मधून समुद्र दिसायचा, जायचा.

त्यानं हिशेब मांडला, जाळं पसरून बघतात तसा. त्या पहाटे घरात कोण होतं? संचिता आचऱ्याला. तो स्वतः सोमवार म्हणून काळोखात कुणकेश्वराला चालत गेला होता. सिद्धेश निघाला. राहिली तुळसा, चुलीपाशी. आणि फळीवर फोन.

मेसेज वाजला, तिनं उघडला. ती वाचते, हळू वाचते, पण वाचते. निळ्या टिका तिच्या होत्या. आज दुपारी देवगडात ज्या निळ्या झाल्या त्याही तिच्याच. इथपर्यंत सगळं सरळ होतं.

पण मग तिनं त्याला का अडवलं नाही? लवूच्या बोलण्यावरून तो किनाऱ्यावर आला तेव्हा होडी पाण्यात होती. त्याच्या आधी सिद्धेश वाळूवर होता. त्याच्या आधी माडांत. मेसेज लवूला मिळाला, मग तो उठला, कपडे केले, किनाऱ्यावर आला. म्हणजे मेसेज आला त्या घडीला सिद्धेश घरातून नुकता निघालेला, फार तर खळ्याच्या पायऱ्या उतरलेला. ओट्यावरून हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

हाक.

एसटी वळणावर कलली आणि बाबलीनं पुढचा दांडा धरला. लग्न झाल्यापासून जिनं कधी पाठून हाक मारली नाही, आणि सिद्धेश गेल्यापासून जी विहिरीवर निघालेल्या माणसालाही हाक मारते. अहो, खंय चललात. रोज. प्रत्येक वेळी. शेजारणी म्हणत होत्या भान गेलं. भान कुठे गेलं होतं. ती तीच एक हाक मारत होती, जी त्या पहाटे मारली नव्हती. आणि तो रोज थांबत होता, वळत होता, आणि त्याला कळलं नव्हतं.

त्याला गाडीतून उतरू नये असं वाटलं. तरी थांबा आला आणि तो उतरला.

७

तुळसा चुलीपुढं बसली होती. भात वाफेवर होता. फळी रिकामी होती. तुळसा जपून ठेवायचं ते तांदळात ठेवायची; बाबलीनं तांदळाच्या डब्याचं झाकण उघडलं आणि हात खाली घातला. रूमचा फोन तिथंच होता, फडक्यात गुंडाळलेला.

त्यानं तो तिच्यासमोर ठेवला. दुसरा, होडीच्या डब्यातला, त्याच्याशेजारी. एक नवीन, एक जुना. 

तिनं दोन्हींकडे बघितलं. मग बोलायला लागली, एका सुरात, भाजीत काय घातलं ते सांगावं तशी. तो पायऱ्या उतरत होता. फोन वाजला. तिनं वाचलं. समुद्रात जाऊ नये. ती ओट्यावर आली तर तो माडांत, पाठमोरा. खांद्यावर जाळं, हातात डबा. तिनं तोंड उघडलं.

"आवाज नाय इलो माजो," ती म्हणाली. "मगे म्हटलंय, पाठसून हाक मारून वायट झाला तर? म्हटलंय, तेच्या फोनार पण वाजलो आसतलो. नंबर एकच ना. तो बघतलो, आणि आपणच परतान येतलो. फोन लावचो म्हणान बटण दाबूक गेलंय. मगे वाटला, ता पण पाठसून हाक मारल्यासारख्याच. दारात उभी रवलंय. चाय ओतून ठेवलंय तेका. थंड झाली."

बाबली खाली बसला, तिच्यासमोर. त्यानं तिला सांगितलं की सिद्धेशच्या फोनवर तो मेसेज आलाच नव्हता. तो फोन जुना झाला होता, त्याला मेसेजवाल्यांनी सोडून दिलं होतं. पोरगा जाणूनबुजून गेला नव्हता, कोणाला घेऊनही गेला नव्हता. त्याला काहीच माहीत नव्हतं.

हे चांगलं म्हणून सांगायला गेला, आणि सांगता सांगता त्याला दिसलं की हे तिच्यासाठी काय आहे. आजवर तिला एक आधार होता. त्यानंही वाचलं असेल, हा. तो बाबलीनं आत्ता काढून घेतला होता. जगात तो मेसेज ज्यांना सिद्धेशला सांगता आला असता, त्यांत तीच सगळ्यात जवळ होती.

तिनं मान हलवली. डोळे कोरडे होते. भाताचं झाकण बाजूला केलं, वाफ बघितली, पुन्हा ठेवलं.

"दुपारी कोणी विचारल्यान, कोण आहे," ती म्हणाली. "माका वाटला, तोच विचारता. लिवूक गेलंय, मी, आई. मगे नाय पाठवलंय."

बाबली उठला. मथुराला सांगायलाच हवं होतं. पण काय, ते त्याचं ठरत नव्हतं. फोन जुना होता, मेसेज आलाच नाही, एवढं सांगितलं तरी सिद्धेशवरचा ठपका जात होता. निळं कसं झालं, हा प्रश्न दत्तप्रसादला पडला तरी त्याची विचारायची हिंमत होणार नाही. अर्धंच सांगायचं. बायको राहिली आहे, तिला सांभाळायचं. असं ठरवत तो ओट्यावरून खाली उतरला, पायऱ्या उतरला, माडांत शिरला. दिवे लागायची वेळ झाली होती.

"अहो."

तो थांबला. वळला. तिनं खंय चललात विचारलं नाही.

"थांबा. माका येवचा आसा. मीच सांगतलंय."

तो थांबला. ती पायऱ्या उतरून आली आणि या खेपेला पाठून नाही, त्याच्या शेजारून चालू लागली. पायवाटेवर काट्या होत्या. दोघं बाजूच्या गवतातून, खाजणाच्या चिखलातून, मथुराच्या दारात गेली.

मथुरा उंबऱ्यात बसून सुक्या बांगड्यांची डोकी मोडत होती. तिनं या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. तुळसा अंगणात उभीच राहिली आणि तिनं सांगितलं. फोन जुना होता ते, मेसेज कुठे गेला ते, कोणी वाचला ते, आणि पोरगं पाठमोरं किती जवळ होतं ते. काही राखून ठेवलं नाही. बोलणं संपलं तेव्हा तिचे हात तसेच लोंबत राहिले.

मथुराचे हात चालूच होते. एक बांगडा, दुसरा. मग तेही थांबले.

"ओमकार तुमच्याच खळ्यातसून गेललो ना तेच्याबरोबर," ती म्हणाली.

"होय. दोगय पाठमोरे होते."

मथुरानं समुद्राच्या दिशेला बघितलं. तिथून समुद्र दिसत नाही, नुसते माड दिसतात.

"माज्यान पण हाक मारूक झाली नसती," ती म्हणाली.

ती माफी होती की नुसती एक गोष्ट खरी म्हणून सांगितली, हे बाबलीला कळलं नाही. तिनं पुन्हा बांगडा हातात घेतला. ती दोघं आली तशी परत फिरली, गवताच्या बाजूला.

चार पावलं गेली असतील. पाठून मथुराची हाक आली.

"तुळसा. काळोख पडता. चिखलातसून जाव नकात. काट्यो सारा आणि वाटेन जावा."